स्थिर वस्तू

मी काय काम करते ते एका शब्दात सांगितलं तर कुणाला कळत नाही, म्हणून नीट सांगते. एक गाडी पुढच्या काचेला कॅमेरा लावून हैदराबादच्या रस्त्यांवरून फिरते. त्या चित्रीकरणाचे वीस-वीस सेकंदांचे तुकडे करून आमच्या माधापूरच्या ऑफिसात पाठवतात. आम्ही संगणकासमोर बसतो, तुकडा थांबवत थांबवत बघतो आणि त्यात जे दिसेल त्याच्याभोवती चौकट काढून तिला नाव देतो. माणूस, स्कूटर, ऑटो, कुत्रा, म्हैस, खांब, कचराकुंडी. अशा चौकटी बघून बघून पुढे एक यंत्र शिकतं की रस्त्यात काय काय असतं आणि त्यातल्या कशासाठी ब्रेक लावायचा. ते यंत्र मग नव्या गाड्यांमध्ये बसवतात. चालकाचं लक्ष नसलं तरी गाडी आपली आपण थांबते म्हणे.

त्याआधी अकरा वर्षं मी नारायणगुड्याच्या एका छोट्या खाजगी शाळेत तिसरी-चौथीला विज्ञान शिकवत होते. साथीच्या वेळी शाळा बंद झाली ती पुन्हा उघडली नाही. त्या इमारतीत आता कपड्यांचं दुकान आहे. ओळखीच्या एका बाईनं हे काम सुचवलं. बसून करायचं, उन्हात जायचं नाही, पगार वेळेवर. मी आले. माझ्या रांगेत सगळी पोरं-पोरी बावीस-तेविसाची, मी एकटी चाळिशी ओलांडलेली. सात महिने कसलीही तक्रार न करता चौकटी काढल्या.

मग तो अफझलगंजचा तुकडा आला.

थंडीतली पहाट असावी. नुकतंच उजाडलेलं, दुकानांची शटरं खाली, रस्ता जवळजवळ रिकामा. डाव्या हाताला फुटपाथ संपतो तिथं रस्त्याच्या कडेला निळ्या ताडपत्रीचं एक लांबट गाठोडं होतं. अशी गाठोडी रोज दिसतात. त्यांच्यासाठी आम्हाला लिखित नियम होता: चेहरा, हात किंवा पाय स्पष्ट दिसत नसेल आणि पूर्ण तुकड्यात हालचाल नसेल तर ती 'स्थिर वस्तू'. मी चौकट काढली, 'स्थिर वस्तू' लिहिलं आणि पुढच्या तुकड्यावर जाणार, तेवढ्यात समोरून येणाऱ्या बसचा उजेड त्या गाठोड्यावर पडला. ताडपत्रीच्या टोकाशी काहीतरी फिकट दिसलं. मी तुकडा थांबवून मोठा केला. ती टाच होती. भेगाळलेली, बाहेर राहिलेली माणसाची टाच.

मी 'स्थिर वस्तू' पुसून 'माणूस' लिहिलं.

आमचं काम दुसरे लोक तपासतात. तासाभरात तो तुकडा लाल खूण होऊन परत आला. चूक, स्थिर वस्तू लिहा. मी पुन्हा 'माणूस' लिहून पाठवला. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा पाठवला तेव्हा आमचा टीम लीड स्वतः उठून माझ्या खुर्चीमागे आला.

हा पुण्याचा मुलगा. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा, हुशार, कधी आवाज न चढवणारा. अख्ख्या मजल्यावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे तो माझ्याशी आवर्जून मराठीत बोलायचा.

"मॅडम, हे तिसऱ्यांदा परत आलंय. तुमचा स्कोअर खाली जातोय. सोडून द्या ना."

"पाय दिसतोय," मी म्हटलं.

तो वाकला. "हे? हे चार ठिपके आहेत, मॅडम."

"टाच आहे ती."

"असेल. पण नियमात पाय म्हणजे घोट्यापासून पुढचा भाग स्पष्ट दिसला पाहिजे. आणि हालचाल नाहीये. पूर्ण वीस सेकंद बघा, काहीच हालत नाही."

"झोपलेलं माणूस कशाला हालतंय?"

"मग यंत्राला कसं कळणार ते माणूस आहे म्हणून?"

"यंत्राला कळत न्हाई म्हणूनच तर आपल्याला बसवलेत ना हितं."

तो हसला. वाईट हसला नाही, खरं सांगते. "बसवलेत ना हितं," तो म्हणाला, "तुमचं मराठी ऐकलं की मजा येते, मॅडम."

माझे आईवडील नांदेडकडचे आणि माझा जन्म इथला. माझ्या मराठीत दखनी आहे, तेलुगू आहे, रागात आले की नांदेड वर येतं. एरवी मला त्याचं काही वाटत नाही. त्या वेळी मात्र कानशिलं तापली. एक माणूस रस्त्यावर पडलंय की पोतं, यावर आम्ही बोलत होतो आणि याला मजा येत होती.

मी नियमांची फाईल उघडली. सात महिने रोज वापरलेली, पण शेवटपर्यंत कधी वाचली नव्हती. 'स्थिर वस्तू'चे पोटप्रकार होते. कठीण आणि उंच म्हणजे खांब, दगड, पिंप. मऊ आणि कमी उंचीची म्हणजे पुठ्ठा, प्लास्टिक, पोतं, कापड. त्या दुसऱ्या प्रकारासमोर एक ओळ होती. मी बोट ठेवून त्याला वाचून दाखवली. बाजूला वळायला जागा नसेल तर अशा वस्तूवरून गाडी नेता येते.

"हे ताडपत्रीचं गाठोडं कशात बसतं?" मी विचारलं.

त्यानं ती ओळ स्वतः पुन्हा वाचली.

"सांगा ना. कठीण का मऊ?"

"मॅडम, हा क्लायंटचा निर्णय आहे. आपण नियम करत नाही, आपण फक्त लावतो."

एवढं बोलून तो जागेवर गेला. थोड्या वेळानं तो तुकडा माझ्या यादीतून नाहीसा झाला. दुसऱ्या कुणाकडं तरी वळवला असणार.

दुपारी मी डबा उघडला आणि तसाच बंद केला. त्याचा राग होताच, पण खाता आलं नाही ते दुसऱ्याच विचारानं. त्या पोटप्रकाराचा रकाना मीसुद्धा रोज भरत होते. 'स्थिर, मऊ'. एका बोटाचं काम. सात महिन्यांत अशी किती गाठोडी मी त्यात टाकली असतील? थंडीच्या दिवसांत तर प्रत्येक दोन-चार तुकड्यांमागे एक असायचं. त्यातली किती खरोखर पोती होती? तेव्हा टाच बाहेर राहिली नव्हती म्हणून मी कधी थांबले नाही. नियम मोडला नाही म्हणून मला कधी लाल खूण आली नाही.

आणि मी विज्ञानाची बाई. सजीव आणि निर्जीव हा धडा मी अकरा वर्षं शिकवला. फळ्यावर उभी रेघ ओढायची, एका बाजूला सजीव, दुसऱ्या बाजूला निर्जीव. सजीव हालतात, श्वास घेतात, खातात, वाढतात. पोरं एका सुरात म्हणायची. मला ठाऊक होतं की हा हिशेब इतका सोपा नाही. बस हालते, डिझेल खाते, धूर सोडते आणि ती निर्जीव आहे. डब्यातला हरभरा वर्षभर हालत नाही, तरी जिवंत असतो, भिजवला की मोड येतात. पण परीक्षेत प्रश्न यायचा, 'हालचाल करते की नाही?' आणि मार्क त्यालाच असायचे. एकदा पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "टीचर, मेरी नानी बिलकुल हिलती नहीं. बिस्तर पेच रहती. तो नानी किधर लिखना?" वर्ग हसला. पोर्शन मागं पडलेला, तपासणी जवळ आलेली. मी तिला म्हटलं, "उल्टे सवाल नक्को करो, लिखो." ती बसली आणि तिनं लिहिलं. काय लिहिलं ते मी पाहिलंसुद्धा नाही.

मी चिडले होते ती सगळ्यात आधी स्वतःवर, हे इथं लिहून ठेवते.

त्या संध्याकाळी बरकतपुऱ्याला घरी आले ती भांडी आपटतच. माझे वडील माझ्याकडेच असतात. छापखान्यात बाइंडिंगचं काम करून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. वंदना आटोपून ते बाहेरच्या खोलीत बसले होते. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं आणि मी सगळं बडबडले. टाच, लाल खूण, मऊ वस्तू, वरून गाडी नेता येते, सगळं.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अफझलगंजात कुठं?"

"लायब्ररीच्या अलीकडं. का?"

"मी झोपलोय तिथं."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"गावाहून आलो तवा. खोली मिळाली न्हवती. दोन-अडीच महिने झोपलो असंन. लायब्ररीच्या भिंतीला."

सत्तेचाळीस वर्षांच्या माझ्या आयुष्यात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आईनंही नाही. मी समोर बसले आणि विचारलं, कसं झोपायचात.

"पोतं होतं एक. डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचो. दुकानांचे चौकीदार फिरायचे, काठी घेऊन. माणूस दिसला की टोचून उठवायचे, चल पुढं म्हणायचे. पोत्यासारखं पडलं की पोतं समजून निघून जायचे. म्हणून तसंच पडायचं. हात-पाय आत घ्यायचे, कूस बदलायची न्हाई." ते अगदी सहज सांगत होते. "एक जण शेजारी झोपायचा, आंध्राकडचा. त्याला खोकला होता. तो खोकला की चौकीदाराला कळायचं, मग आम्ही दोघंबी उठायचो."

"बाबा, हे कधी सांगितलं का नाही?"

"सांगण्यासारखं काय होतं त्यात?"

मी त्यांच्यावर ओरडले. चूकच झाली, पण ओरडले. म्हटलं, तुम्ही सांगितलं असतं तर मी सात महिने डोळे मिटून ते नाव लिहिलं नसतं. त्यांनी उठून मला पाणी आणून दिलं. माझा राग त्यांच्यासाठी नव्हताच. आपण पोतं आहोत असं दाखवता आलं तरच माणसाला झोप मिळते, आणि पन्नास वर्षांनी त्याचीच मुलगी पगार घेऊन त्याला पोतं म्हणून लिहिते, हे मला सहन होत नव्हतं.

रविवारी साडेपाचला उठून मी ऑटोनं अफझलगंजला गेले. तिथं जाऊन काय करणार होते कुणास ठाऊक. ते तुकडे कित्येक महिन्यांपूर्वीचे असतात, ती टाच तिथं असणार नव्हतीच. तरी जागा मला ओळखू आली. विजेच्या खांबाला तुटक्या केबलची वेटोळी लटकत होती, ती मी पडद्यावर इतक्यांदा पाहिली होती. खांबाखाली आता पुठ्ठ्यांचा ढीग होता. थोडं पुढं, बंद शटरांच्या कडेनं, लांबट आकार ओळीनं पडलेले होते.

मी शाळेतल्या बाईसारखी स्वतःची परीक्षा घ्यायचं ठरवलं. हात लावायचा नाही, फक्त बघायचं आणि ओळखायचं. पहिलं चादरीचं, ते माणूस, सोपं होतं. दुसरं ताडपत्रीचं, दोरीनं बांधलेलं, ते सामान. तिसरं फुगीर, वर सतरंजी, माझ्या मते माणूस. चौथं गोणपाटाचं, चपटं, कडेला सरकलेलं, त्याचं निम्मं अंग रस्त्यात. त्याला मी पोतं म्हटलं.

एक हमाल आला. त्यानं तिसऱ्यावरची सतरंजी ओढली. खाली लसणाच्या गोण्या होत्या. आणि तेवढ्यात चौथं खोकलं.

गोणपाट बाजूला झालं. आतून एक बाई उठून बसली. पंचावन्न-साठीची, डोक्याला मफलर गुंडाळलेला. मी तिच्यासमोर तीन-चार हातांवर उभी होते. तिनं माझ्याकडं वैतागून पाहिलं आणि स्वतःशीच पुटपुटली, "सकाळीच काय तमाशा पाहायलेत काय की."

"मराठी आहात का तुम्ही?" मी विचारलं.

तिचा चेहरा बदलला. ती नांदेड जिल्ह्यातली, तेलंगणाच्या सीमेलगतच्या गावची निघाली. नवरा जवळच्या दवाखान्यात होता, पायाची जखम चिघळलेली. आत एकालाच थांबता येतं, म्हणून दीर आत थांबायचा आणि ही बाहेर झोपायची. सतरा दिवस झाले होते. मी फुटपाथवर तिच्याशेजारी बसले. चहा घेऊ म्हटलं तर म्हणाली, आधी तोंड धुते. तिनं बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरली, तोंड धुतलं, पदरानं पुसलं, गोणपाटाची नीट घडी केली, मगच चहाला हात लावला.

"मावशी, तोंडावरून का घेता?" मी विचारलं. "वरून काही कळत नाही आत माणूस आहे ते."

वडिलांसारखंच काहीतरी ऐकायला मिळेल असं मला वाटत होतं.

"डास चावतेत," ती म्हणाली. "अन् खांबावरचा उजेड डोळ्यात येतो. दुसरं काय?"

"गाड्यांची भीती वाटत नाही?"

"वाटते तर. परवाच टेम्पो मागं घ्यायलता एक जण. चहावाल्यानं पाहिलं, त्यानं टेम्पोवर थापा मारल्या. डायवर उतरला, पाहिलं, कापायलता बिचारा. म्हणला, अम्मा, दिसलंच न्हाई. माझ्या पाया पडला." तिनं चहाचा घोट घेतला. "त्याला मी काय म्हणू? दिसलं न्हाई त्याला. सांगितल्यावर थांबला की."

मग तिनं मला विचारलं, तू काय करतीस. मी आधी म्हटलं, ऑफिसात असते. ऑफिसात काय, तिनं विचारलं. मी सांगितलं, गाड्यांमध्ये एक यंत्र असतं, त्याला रस्त्यावरचं माणूस ओळखायला शिकवते.

तिला हे काम पटलं. मान हलवून म्हणाली, "मग शिकलं का ते?"

"शिकवायलेय," मी म्हटलं.

घरी येईपर्यंत ऑटोत मी स्वतःला शिव्या देत होते. शिकवत होते हे खरंच होतं. काय शिकवत होते ते तिला सांगायची माझी हिंमत झाली नव्हती.

दर बुधवारी क्लायंटबरोबर आमचा कॉल असतो. आमच्यासारख्यांनी त्यात बोलायचं नसतं, फक्त हजर राहायचं. मी सोमवारीच टीम लीडला सांगितलं की मी बोलणार आहे.

"नका ना, मॅडम. मी मेल टाकतो."

"कधी टाकता?"

"योग्य वेळ बघून."

"ती वेळ तुम्ही बघा. मी बुधवारी बोलते."

बोलले. माझं इंग्रजी शाळेतलं आहे, फळ्यावरचं. रागात तर आणखी अडखळतं. पण मी त्यांना सांगितलं की तुमचा नियम म्हणतो हालचाल नाही म्हणून वस्तू, आणि या शहरात माणसं न हालता झोपतात. मी स्वतः चार हातांवरून पाहिलं आणि मला ओळखता आलं नाही, मग तुमच्या यंत्राला काय ओळखता येणार. आणि ती मऊ वस्तूची ओळ मी मोठ्यानं वाचली. मध्ये कुणीतरी घसा खाकरला. पलीकडची बाई सौम्य आवाजात म्हणाली की ही फार चांगली नोंद आहे, ही आपण 'एज केस' म्हणून घेऊ.

एज केस म्हणजे क्वचित घडणारी, काठावरची गोष्ट. मी म्हटलं, मॅडम, ही रोजची गोष्ट आहे, प्रत्येक सकाळची आहे. ती म्हणाली, हो हो, समजलं, धन्यवाद. मी विचारलं, आणि आधीच्या तुकड्यांचं काय? आम्ही जे लिहून दिलंय त्याचं? ती म्हणाली की त्या बॅच बंद झाल्या आहेत, म्हणजे ते काम सोपवून झालंय, आणि पुढच्या मुद्द्यावर गेली.

तीन आठवड्यांनी नियमांची नवी फाईल आली. त्यात एक नवा प्रकार होता, 'संभाव्य व्यक्ती'. झाकलेलं, लांबट, माणसाच्या मापाचं जे काही असेल ते त्यात लिहायचं आणि त्याच्यासाठी गाडीनं थांबायचं. रांगेतल्या पोरींनी माझ्याकडं बघून अंगठे दाखवले. मला आनंद झाला, नाही कसं म्हणू. तो दुपारपर्यंत टिकला. दुपारी टीम लीडनं मला पाण्याच्या यंत्रापाशी गाठलं.

"मॅडम, सोमवारपासून तुम्ही दुसऱ्या प्रोजेक्टवर. सुपरमार्केटचं काम आहे. सोपं आहे."

"कुणी ठरवलं?"

"वरून आलंय."

"वर कुणी सांगितलं?"

त्यानं हातातला ग्लास भरून घेतला. मग म्हणाला, "मी सांगितलं की तुम्हाला या कामाचा त्रास होतो. ते खोटं नाहीये ना, मॅडम?"

"त्रास होतो म्हणून तर बरोबर लिहीत होते," मी म्हटलं.

तो ग्लास ठेवून निघून गेला. मीही त्याच्यामागं गेले नाही. नोकरी मला हवी होती, तीही घालवायची ताकद माझ्यात नव्हती. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच आहे.

तेव्हापासून मी सुपरमार्केटची कपाटं बघते. बिस्किटं, शॅम्पू, नूडल्स. कोणता माल संपत आलाय ते यंत्राला कळावं म्हणून प्रत्येक पुड्याभोवती चौकट. त्या कामाचेही लिखित नियम आहेत, आणि ते मी या वेळी पहिल्या दिवशीच शेवटपर्यंत वाचले. त्यात लिहिलंय की पुड्याचा एक कोपरा जरी दिसला तरी पूर्ण पुडा समजावा. मागं झाकला गेलेला पुडासुद्धा सोडू नये. शंका असेल तर मोजावा. मी ती ओळ तीनदा वाचली. मग उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले. रडले नाही. भिंतीवर हात आपटला, दोन दिवस बोट सुजलेलं होतं.

आधीच्या तुकड्यांबद्दल मी मेल लिहिला. मला इंग्रजीत मेल लिहायला वेळ लागतो, एक अख्खा रविवार गेला. मी लिहिलं की त्या सात महिन्यांतलं माझं काम मला परत द्या, मी पगार न घेता, सुट्टीच्या दिवशी बसून तपासते. नऊ दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. आपल्या तळमळीबद्दल आभार, पण त्या तुकड्यांवर शिकलेली यंत्राची आवृत्ती यापूर्वीच गाड्यांमध्ये गेली आहे. म्हणजे मी शिकवलेला तो वर्ग पास होऊन बाहेर पडला होता. कोणत्या गाड्या, कोणत्या शहरात, ते लिहिलं नव्हतं.

गेल्या महिन्यात एका शनिवारी जेवणाच्या सुट्टीत टीम लीड माझ्या टेबलापाशी आला. बसू का, म्हणाला. डबा घेऊन बसला.

"मॅडम, मी काही जुने तुकडे उघडून बघितले," तो म्हणाला. "तपासणीत होतो तेव्हा पास केलेले. ते बघायची परवानगी अजून आहे माझ्याकडे."

"मग?"

"कुठला माणूस, कुठलं पोतं, मला ओळखता येत नाही. एका गाठोड्याच्या बाजूला चपला आहेत. नीट जोडून ठेवलेल्या. मी तेव्हा चपलांनासुद्धा वेगळी चौकट मारून पास केलंय. चपला, स्थिर वस्तू. आणि शेजारचं गाठोडं, स्थिर वस्तू."

मी त्याच्याकडं पाहिलं. त्याचं जेवण थांबलं होतं. माझ्या मनात आलं, आता म्हणावं, का हो, मजा येते का? ते शब्द जिभेवर होते. मी ते गिळले, कारण तो माझ्याहून अठरा वर्षांनी लहान होता आणि स्वतःहून सांगायला आला होता. पण माफही केलं नाही. "किती बघितलेत?" मी विचारलं.

त्यानं सांगितलं. तो आकडा मी इथं लिहीत नाही, माझा त्याहून मोठा असणार.

"आता काय करायचं?" त्यानं विचारलं.

"तुमचं इंग्रजी चांगलं आहे," मी म्हटलं. "जुने तुकडे परत मागणारा माझा मेल नीट करून द्या. आणि खाली माझ्या नावाबरोबर तुमचं नाव घाला."

त्यानं डबा बाजूला सारला आणि लॅपटॉप उघडला. मी सांगत गेले, तो लिहीत गेला. एका ठिकाणी तो थांबला, 'नम्र विनंती' लिहू का, म्हणाला. मी म्हटलं, नम्र नको, नुसती विनंती लिहा. त्यानं तसंच लिहिलं आणि दोघांच्या नावानं मेल गेला. उत्तर आलेलं नाही. त्यानंतर दर शनिवारी तोच मेल आम्ही पुन्हा पाठवतो. काल पाचव्यांदा पाठवला.